शेवटच्या पानावरचं कुंकू

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. परदेशातून मराठीत आले आणि महाडच्या एका वाचनालयाच्या कपाटात तीस वर्षं उभी आहे. माझ्या गोष्टीत कडक धर्माचं एक गाव लग्नाबाहेर मुलगी झालेल्या एका बाईला पापाची खूण म्हणून छातीवर लाल अक्षर लावायला लावतं. तीच बाई पुढे त्या गावाच्या दुखल्याखुपल्याला धावते, आणि त्या लाल अक्षराकडे बघायची लोकांची नजर पालटते. पण हे कळायला शेवटपर्यंत यावं लागतं. येतो कोण?

कॉलेजची मुलं परीक्षेच्या तोंडावर मला न्यायची. पहिली चाळीस पानं रेघा मारून मारून फाटली. 'लाल म्हणजे पाप, व्हेरी इम्पॉर्टंट' असं समासात अकरा जणांनी लिहिलंय. शेवटची पानं मात्र कोरी करकरीत. वैताग येईल नाही तर काय!

१९९८ च्या शिमग्याआधी कुडपणच्या दर्शनाने मला घरी नेलं. तिची आई आवडी सुईण. आधीच वाळीत असलेल्या चांगूची बायको अडली तेव्हा ती धावली, म्हणून गावकीने तिलाही वाळीत टाकलं. दोन वर्षं शिमग्याची पालखी तिच्या दारी थांबली नव्हती. आता गावकीच्या रामजीबाबांचा निरोप आला होता : पालखी बसते त्या सहाणेवर येऊन सगळ्यांसमोर 'चुकले' म्हण, पालखी येईल. आवडी तयार होती. देवी दारात हवी होती तिला.

दुपारी ती भाकऱ्या थापत असताना दर्शना मला मोठ्याने वाचायला बसली.

"आन् त्या पोरीचा बाप कोन गो?"

"तिथला धर्मगुरू. सात वर्षं गप्प बसला."

"म्हंजे आपल्याकडलाच. फुडं वाच."

भाकरी करपली, पण त्या दोघी माझ्या शेवटापर्यंत आल्या. मला भरून आलं.

सहाणेवर मी दर्शनाच्या काखेत होते. रामजीबाबा म्हणाले, "बोल गो आवडे."

"बाळंतीन अडली व्हती, बाबा. उद्या तुमची सून अडली तरी जाईन. यात माजं काय चुकलं, ता मला नाय गवसत."

पालखी त्याही वर्षी दारावरून पुढे गेली. ओटीचं ताट उंबऱ्यावर तसंच राहिलं. ढोल लांब जाईपर्यंत आवडी उभी होती. मग तिने ताटातला नारळ फोडला, चांगूच्या दोन वर्षांच्या लेकीला खोबरं दिलं, तिच्या कपाळाला कुंकू टेकवलं. आवडीला वाचता येत नव्हतं.

"ती बाय यात कुठं हाय, दाव."

दर्शनाने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. आवडीने तिथेही कुंकू लावलं.

वाचनालयातल्या शुभदाताईंनी तो डाग पाहिला आणि माझ्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिलं, 'खराब'. आता मला कोणी नेत नाही.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, थुंकी लावून पानं उलटू नका, हे मी सांगायला हवं, सांगितलं. पण पुठ्ठ्यावरचा लाल शब्द वाचून मला परत कपाटात ठेवू नका. शेवटचं पान उघडा. लाल तिथेही आहे. ते एका सुईणीने लावलंय.