मरिकाच्या हातचं मीठ

"खारट आहे," चीजचा तुकडा चाखून द्रितान म्हणाला आणि त्याने लगेच सावरून घेतलं, "म्हणजे चांगलं आहे काका, पण जरा खारट."

जेलोशने आपला फावड्यासारखा पंजा त्याच्यापुढे धरला. "मिशाविन चीजमध्ये मीठ मुठीनं घालतात. बायकोची मूठ होती अक्रोडाएवढी, आणि ही माझी."

"मग अर्धी मूठ घाला ना."

"घातली की. आळणी झालं, गेल्या वर्षी पिंपभर चीज कुत्र्यांनी खाल्लं."

द्रितानची खाली श्कोदर शहरात खाणावळ आहे. विसरले गेलेले पदार्थ तो शोधून शोधून रांधतो आणि शहरातली माणसं ते खायला रांग लावतात. आमच्या डोंगरावरच्या लेपुशा गावात त्याला मीच घेऊन आलो होतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. जेलोशच्या बायकोने, मरिकाने मरण्याआधी भरलेलं शेवटचं पिंप त्याने दोन हिवाळे उघडलेलं नाही, हे मी वाटेतच सांगून बसलो होतो.

"मरिकाकाकूंच्या हातचं एक पिंप आहे म्हणे," द्रितान म्हणाला. "नुसतं चाखायला मिळालं तरी मीठ कळेल. नाहीतर काका, ती चव काकूंबरोबरच गेली म्हणायची."

जेलोशने माझ्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला, "संपलं ते."

मी थक्क झालो. आमच्याकडे घर आधी पाहुण्याचं, मग मालकाचं. त्यातून हा जेलोश! सरकारी शेतीच्या काळात साहेब शेळ्या मोजायला आले, तेव्हा खोटं बोलवेना म्हणून स्वतःची लपवलेली शेळी यानेच बाहेर काढून दाखवली होती. सगळं गाव त्याला खुळा म्हणालं होतं.

द्रितानने आभार मानले, कोट चढवला आणि तो निघाला. जेलोश जागचा हलला नाही.

"खोटं बोललो रे. माझ्या घरात, पाहुण्याशी."

"जाऊ दे, परका माणूस तो."

"परका आहे म्हणूनच! हाक मार त्याला."

कुंपणाजवळ पोचलेल्या द्रितानला मी परत आणलं. तोवर जेलोशने पिंप चुलीपाशी आणून ठेवलं होतं. "मघाशी मी खोटं बोललो," तो उभ्यानेच म्हणाला, "माफ करा." मग खाली बसून वर थिजलेला लोण्याचा थर त्याने सुरीने अख्खा उचलला.

खाली चीज पिवळसर, घट्ट होतं. हवा राहू नये म्हणून ते बुक्क्यांनी दाबून भरतात. त्या बुक्क्यांचे लहान लहान खळगे पृष्ठभागावर तसेच होते, चार बोटांचे, शेजारी शेजारी. मरिकाची बोटं.

द्रितानच्याही लक्षात आलं. "नको काका. बंद करा ते."

"तुम्ही मागितलंत ना? बसा."

जेलोशने कडेने कापलं. पहिला तुकडा पाहुण्याला दिला, दुसरा स्वतःच्या जिभेवर ठेवला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"हं, हेच," तो शेवटी म्हणाला. मिठाच्या भांड्यात हात घालून त्याने मूठ भरली, थोडं सांडलं, चाखलं, पुन्हा सांडलं. "माझी पाऊण मूठ, वर एक चिमूट. लिहून घ्या."

द्रितानने लिहून घेतलं. त्याची ताटली रिकामी झाली होती आणि आमच्याकडे पाहुण्याची ताटली रिकामी ठेवत नाहीत. जेलोशने पुन्हा कापलं आणि सोबत मक्याची भाकरी मोडून दिली. द्रितानला नाही म्हणता येईना. मान खाली घालून तो खात राहिला. एकेक करून खळगे सुरीखाली गेले. शेवटी कडेला एकच उरला, करंगळीचा असावा.

जेलोशने पिंप जरा कलतं केलं, आत पाहिलं.

"घ्या," तो म्हणाला, आणि त्याने त्यावर सुरी टेकवली. "संकोच करू नका."