शब्दांच्या शेपट्या
सासू पेट्रोना डोंगरावरून खाली राहायला आली त्याला चार दिवस झाले, पण तिचा पाय घरात ठरत नव्हता. तिच्या घरावर दरड आली म्हणून सेगुंदोने आईला घाईघाईने बायकोपाशी आणून सोडलं आणि तो किटोला बांधकामावर निघून गेला. आता शनिवारीच येणार.

म्हातारी सारखी दारात जायची आणि एकच वाक्य बोलायची. "चिताता मना पास्कार्कानिचु."

सून सोइलाची तगमग व्हायची, कारण वाक्य तिला अर्धं कळत होतं. सोइलाच्या वस्तीतले पुरुष दोन पिढ्या किटोत विटा रचायला जात होते. तिथले स्पॅनिश शब्द त्यांनी घरी आणले आणि त्यांना आपल्या मूळ किचुआ भाषेतल्या प्रत्ययांच्या शेपट्या लावल्या. सोइला त्याच बोलीत वाढली, म्हातारी मात्र निव्वळ किचुआ बोलायची. त्यामुळे म्हातारीच्या शब्दांच्या शेपट्या सोइलाला ओळखू यायच्या, शब्द नाही. अमक्याला मी तमुकलं नाही, एवढंच. कोणाला? काय केलं नाही?

तिने गरम सूप दिलं, मेणबत्ती लावून दिली, शाल पांघरली. सोइला बोलायला लागली की म्हातारी आशेने कान पुढे करायची, कारण चाल तिच्याच भाषेची होती. मग शब्द परके निघाले की तोंड फिरवायची.

गुरुवारी सकाळी ती अनवाणी चढणीला लागलेली सापडली. सोइलाने दंड धरून ओढून पाहिलं. शेवटी हात सोडला.

"बरं, आई. चला, दाखवा मला."

दुधाच्या ट्रकने वळणापर्यंत नेलं, पुढे दोघी चालत गेल्या. पडक्या घरामागे खुंटीला शेळी बांधलेली होती. दोर पोचेल तिथवरचं गवत खाऊन माती उघडी पडली होती. शेळी उठतसुद्धा नव्हती. म्हातारीला दोराची गाठ सुटेना, तेव्हा सोइलाने दातांनी गाठ सोडवली.

"पास्कार्कांगी," म्हातारी सावकाश म्हणाली.

शेवटची 'तू'ची शेपटी सोइलाच्या बोलीतही होती. तू सोडलीस. चिता म्हणजे शेळी, तर.

"सोल्तार्कानी," सोइला आपल्या बोलीत म्हणाली. मी सोडली.

म्हातारीने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग ओढ्यावर पाणी आणायला गेली.

शेळीला शालीत बांधून त्यांनी खाली आणलं. सेगुंदो शनिवारी आला. निघायच्या घाईत त्याला वाटलं होतं आईने शेळी सोडली असेल, आईला वाटलं होतं त्याने; तो किटोला गेल्यावर तिला शंका आली होती. इथे बरं वाटतंय का, असं त्याने आईला विचारलं. ती बराच वेळ बोलत राहिली.

"घरी जायचं म्हणते," तो बायकोला म्हणाला.

"ते कळलं मला," सोइला म्हणाली.