डबडब होडीतले तीन ड

नाहूरच्या परबांच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती: ‘डबडब होडी’ या पुस्तकाच्या नावाची अक्षरं पप्पांनी काढली. पप्पा म्हणजे लवू परब. तरुणपणी ते भायखळ्याच्या एका छापखान्यात कलाविभागात होते, तेव्हा ही मुलांची गोष्ट छापली गेली आणि पुढे दोन पिढ्यांनी वाचली. गावाहून कोणी पाहुणा आला की त्यांचा मुलगा सुयोग हटकून पुस्तक काढून दाखवायचा. पप्पा स्वतः फारसं बोलायचे नाहीत. पण पुस्तक पाहुण्याच्या हातात असेपर्यंत खुर्चीतून उठायचेही नाहीत.

सुयोगची बायको श्रुतिका अंधेरीला एका डिझाइन ऑफिसात अक्षरांचंच काम करायची. यंदा प्रकाशकांनी ‘डबडब होडी’ नव्याने छापायची आणि मागोमाग त्याच होडीच्या आणखी तीन गोष्टी काढायच्या, असं ठरवलं. नव्या नावांनाही जुनंच वळण हवं होतं. ते काम नेमकं श्रुतिकाकडे आलं.

“आधी हा कुठला टाइप आहे ते शोधून कळवा,” संपादक रेवती पाटणकर म्हणाल्या.

“टाइप नाहीये मॅडम, हाताने काढलंय. माझ्या सासऱ्यांनी.”

“अरे वा! मग त्यांचं नाव घालू या की पुस्तकात.”

श्रुतिकाने मुखपृष्ठ मोठं करून स्क्रीनवर घेतलं. ‘डबडब’मधला पहिला ड उचलून तिने दुसऱ्यावर ठेवला. तो तंतोतंत बसला. एवढंच काय, दोन्हींच्या पोटाला एकाच जागी तीच बारीक खोच होती. हाताने दोनदा काढलेलं अक्षर असं जुळत नाही. तिसरा ड ‘होडी’तला. तो निराळाच होता, सडसडीत, मानेशी अरुंद. म्हणजे हाताचं काम नव्हे, छपाईच्या तयार अक्षरांचे दोन टाइप होते. एका ओळखीच्या माणसाने अशी अक्षरं ओतणाऱ्या जुन्या टाइप फाउंड्र्यांचे छापील नमुने पाठवले, त्यात दोन्ही सापडले. पुस्तकाच्या कितीतरी आधीपासूनचे छपाईचे शिशाचे खिळे, त्या काळी कुठल्याही छापखान्यात असायचे तसे.

एक रेघ मात्र कुठल्याच नमुन्यात नव्हती. ‘होडी’ची वेलांटी. खिळ्यावर ती आखूड होती. मुखपृष्ठावर मागे वळून सगळ्या शब्दावर शिडासारखी फुगली होती.

संध्याकाळी तिने सुयोगला सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज बारीक केला.

“गप्प बस ना. कोण बघतंय?”

“नाव छापणार आहेत रे. उद्या कोणी ओळखलं तर पप्पांचंच हसं होईल.”

“कोण ओळखतंय, यार!”

“मी ओळखलं ना.”

रविवारी सकाळी पप्पा टेबलाशी कोलंबी सोलत होते. श्रुतिकाने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि एक ड दुसऱ्यावर सरकवला. त्यांनी हात पुसले, चष्मा वर केला.

“परत कर.”

तिने परत केलं.

“मगे मी काय केलंय?” त्यांनी विचारलं.

ते चिडले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. खिडकीजवळचं टेबल त्यांना आठवत होतं, काळ्या शाईची बाटली आठवत होती, वरचे साहेब “झकास” म्हणाले तेही आठवत होतं. हातात ब्रश होता, यात शंका नव्हती.

“खिळ्यांचा ठसा फोटोने मोठा करून तुम्ही त्यावर ब्रश फिरवला असणार,” श्रुतिका म्हणाली. “वेलांटी तुमची आहे. ती कुठेच सापडत नाही.”

“एक रेघ.”

“हो, पप्पा.”

ते कोलंबीकडे वळले. दुपारी मात्र त्यांनी तिच्याकडून कागद आणि ब्रश मागून घेतला आणि ड काढून पाहिले. एकही दुसऱ्यासारखा आला नाही. पण मुखपृष्ठावरच्या ड शी या अक्षरांचं काही नातं नव्हतं, हे त्यांनाही दिसलं. वेलांटी त्यांनी काढून पाहिली नाही. कागद घडी करून तिच्या हातात दिला.

“लिहून टाक काय ता.”

तिने प्रकाशकांना तसं लिहिलं. रेवतीबाई फोनवर थोडं हसल्या. नव्या आवृत्तीत बारीक अक्षरांत छापून आलं: ‘शीर्षकातील शीड : लवू परब’. पप्पांनी ते पान वाचलं आणि पुस्तक स्वतः उठून कपाटात ठेवलं. सुयोग त्यानंतर पाहुण्यांना ते दाखवेनासा झाला. काही दिवस तो बायकोशी कामापुरतंच बोलत होता. श्रुतिकाला आपलं चुकलं असं वाटत नव्हतं, आणि बरं केलं असंही नाही.

पुढच्या गोष्टींसाठी नमुन्यांत न सापडलेली अक्षरं तिला नव्याने काढायची होती. ठ काही केल्या जमेना. तिने एक प्रिंट पप्पांसमोर धरली.

“माका काय कळतां त्यातलां,” ते म्हणाले. पण चष्मा लावला.

बराच वेळ बघून म्हणाले, “पोट खाली इलां. उचल थोडां.”

तिने उचललं. थोडा फरक पडला. मग तिने ढ काढायला घेतला, आणि पप्पा दूध आणायला खाली गेले.