मांजरीची बाजू

मुक्या जिवाला दोषी ठरवणे सोपे असते, कारण त्याच्या वतीने उत्तर देणारे कोणी नसते. निपाणीतील तंबाखूचे व्यापारी जिनदत्त यांच्या घरी त्या सकाळी असाच एक निवाडा झाला होता. मांजरीने त्यांच्या पूजेच्या धोतरावर पुन्हा मूत्रविसर्जन केले होते, आणि त्यांचा मुलगा वृषभ पोते घेऊन उभा होता.

"हायवेच्या पलीकडं सोडून ये रं," जिनदत्त म्हणाले. "वाळूचा ट्रे असताना धोतरच गावतंय हिला. माजलीया."

त्यांच्या थोरल्या भगिनी राजाबाई वैधव्यानंतर माहेरी परतल्या होत्या. तेव्हापासून भावाच्या शब्दाबाहेर त्या कधी गेल्या नव्हत्या. आज त्या उंबरठ्यावर आडव्या उभ्या राहिल्या.

"पोतं खाली ठेव, वृषभ."

"आक्का, बाजूला हो."

"न्हाय होत. दिवाळीपत्तोर वाळूतच करत हुती. मग काय बिनसलं, बघितलंस?"

"मांजराला कारण लागतंय व्हय?"

"तुला लागतंय, मग तिला का नको?"

राजाबाई ट्रेपाशी बसल्या. मूठभर वाळू नाकाजवळ नेताच त्यांना ठसका लागला. वाळूत तंबाखूची भुकटी होती.

"ही कुणी घातली?"

जिनदत्तांचा स्वर उतरला. "मीच. वाळूत मुंग्या यायच्या. हिच्या पंजाखाली मरतील म्हणून..."

"मुंग्या वाचवल्यास, ब्येस केलंस. पण हिचं नाक? हिचं पाय? तुझ्या वखारीत पयल्यांदा आलते तवा मी वकले हुते. मला दुसरीकडं जायला जागा नव्हती. हिनं शोधली. आता पोतं न्यायचंच असंल, तर दोघी मावू एवढं मोठं आण."

वृषभला हसू आले. वडिलांकडे पाहून त्याने ते आवरले.

"आत्ती, डॉक्टरला दावू का हिला?"

"दावायलाच पायजे. पाय चाटताना तंबाखू पोटात गेली असंल."

जिनदत्तांनी स्वहस्ते ट्रे धुतला, नवी वाळू भरली आणि मुंग्यांसाठी भोवती हळदीची रेघ ओढली. मांजर आली, हुंगून मागे फिरली.

"आता काय झालं हिला?" त्यांनी विचारले.

"तिच्या मनात येईल तवा येईल," राजाबाई म्हणाल्या. "तू तिथनं ऊठ."

ते उठले.

त्या मुंग्यांना, त्या मांजरीला, दया करताना चुकलेल्या भावाला आणि उंबरठा न सोडणाऱ्या बहिणीला अभय लाभो.