वीसचं पातं

मंगेशच्या मुलीचं, त्रिवेणीचं लग्न गंगाखेडला पन्नास माणसांत उरकलं, ते दोन हजार एकवीस साल, ज्येष्ठ महिना. तिला सासरी धाडून आठ दिवस झाले नव्हते, तोच मंगेशनं बापाला, शिवमूर्तीला, सांगितलं की ट्रक आता भंगारात घालायचा. इंजिनाची टकटक वेशीपर्यंत ऐकू येते, लोक माल भरायला कचरतात. सेलूचा एक घेणारा बुधवारी अकराला यायचा होता.

शिवमूर्तीनं एवढंच मागून घेतलं की त्याच्या आधी आपल्याला टापेट, म्हणजे व्हॉल्व्हांवरची फट, मापात बसवू दे. आवाज थांबला तर ट्रक राहील, नाही तर खुशाल न्यावा. मंगेश कबूल झाला. पालमच्या रस्त्यावर बापानं पस्तीस वर्षं हाच ट्रक चालवला होता आणि त्याच्या टापेटाला परक्या माणसाचा हात कधी लागला नव्हता.

बुधवारी उजाडताच शिवमूर्तीनं इंजिनावरचं झाकण काढलं. टापेट गार इंजिनावरच बसवतात; तापलेलं लोखंड माप खोटं दाखवतं. बारा व्हॉल्व्ह ओळीनं उभे, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याला दाबणारी दांडी, रॉकर, आणि दोहोंच्या मध्ये पोलादी पात्याएवढी फट ठेवायची. हवा आत घेणाऱ्याला वीसचं पातं, म्हणजे मिलिमीटरचे शंभरातले वीस भाग जाड, धूर सोडणाऱ्याला तीसचं. खाली त्याची बायको भागम्मा पदर खोचून उभी होती. पान्यावर पाइप चढवून ती एकेका व्हॉल्व्हसाठी इंजिन फिरवी. ट्रक घरात आल्यापासून ते काम तिचंच.

फटीतून ओढताना पातं किंचित चरकलं, घासून आलं पाहिजे. अडकू नये, सैलही जाऊ नये. ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. आणि शिवमूर्तीची बोटं साखरेच्या दुखण्यानं वर्षभरापासून बधिर झाली होती. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. अंदाजानं तो स्क्रू फिरवी, नट आवळी आणि पुढं सरके. नवाच्या सुमाराला बाराही झाले. झाकण ठेवून त्यानं स्टार्टर मारला.

टकटक होतीच. उलट वाढली होती.

इंजिन तापू देऊन भागणार नव्हतं, म्हणून त्यानं लगेच बंद केलं. भागम्मा टायरवर पाय देऊन वर चढली आणि तिनं पातं मागितलं. हे बायकांचं काम न्हाई, तू पाइप वढ, असं तो फणकारला.

"तुमच्या बोटाला तरी कळायलंय का?" ती म्हणाली. "गेल्या पोळ्याला चहाचा पेला धरून बसलात, फोड आला तवा बघितलं तुमी. मी त्याच दिशी समजले."

त्यानं पातं पुढं केलं. तिनं पातं चिमटीत धरून चोळलं. "अहो, ही दोन हायत."

जुन्या तेलानं वीसच्या पात्याला पाचचं पातळ पातं चिकटलं होतं. तिनं ते नखानं सोडवलं. हवेचे सहाही व्हॉल्व्ह चुकले होते, आणि बाकीच्या सहांचाही आता भरवसा नव्हता.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाइप तो ओढी, मग धापा टाकत वर येऊन स्क्रू धरी. पातं तिच्या बोटात, आणि सांगणंही तिचंच. अडकलं, सोडा. लय सैल झालं. हां, चरकलं. नट आवळताना स्क्रू फिरला की ती मान हलवी, आणि तो मुकाट्यानं नट पुन्हा ढिला करी. तीन व्हॉल्व्ह उरले होते तेव्हा दारात जीप थांबली.

घेणाऱ्यानं वर बघून हसत विचारलं, "मावशी, गॅरेज टाकलं की काय?"

"टाकलंय. लायनीत थांबा," भागम्मा म्हणाली.

मंगेश घड्याळ बघत उभा राहिला. वर दोघांनी काम थांबवलं नाही. शेवटचा नट आवळला, झाकण बसवलं, स्टार्टर मारला.

इंजिन एका सुरात चालू लागलं. मंगेशनं बॉनेटपाशी कान नेला, बराच वेळ तसाच राहिला. घेणाऱ्यानं चहा घेतला आणि रिकामाच परत गेला.

"अजून हात शाबूत हाय की, आप्पा," मंगेश म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं. शिवमूर्तीनं हात पुसले. "माझ्या बोटात जान न्हाई राह्यली. तुझ्या आईनं बसवलंय."

तेव्हापासून दर चार महिन्यांनी भागम्माच पातं धरी. ट्रक पुढच्या साली दसऱ्यापर्यंत चालला. मग टकटक पुन्हा सुरू झाली आणि सेलूला फोन शिवमूर्तीनं स्वतः लावला. भागम्मा त्याच्या दोन महिने आधी, दोन हजार बावीसच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, वारली होती.