डब्यातलं सपन

चूक माझीच झाली. वैदर्भीच्या वेण्या घालत होते, अभ्यासिका उघडायला उशीर होत होता, आणि ती म्हणाली, "मावशी, मले पहाटे सपन पडलं. मम्मी आली अन्..." मी दातात धरलेली रिबन न सोडताच म्हटलं, "पहाटेचं सपन खरं होते. सांगू नको." आमच्या आईनं मला असंच गप्प केलं होतं. आठ वर्षांच्या पोरीनं त्याचा काय अर्थ घेतला, ते मला चार दिवसांनी कळलं. तोवर तिनं झोपणंच सोडलं होतं.

वैदर्भी माझ्या मोठ्या बहिणीची, रागिणीची. रागिणीच्या जबड्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचं हाड काढावं लागलं. अडीच महिने पोरगी अमरावतीला माझ्याकडे, दोन खोल्यांत. आता रागिणी अकोल्याला, जुन्या शहरातल्या घरी आली होती आणि भाऊजींचा फोन आला होता, "रविवारी पोरीले घेऊन ये. रागिणी दिवसभर दाराकडे पाहून राहिली."

वैदर्भी म्हणाली, "मले नाई जायचं अकोल्याले."

"काहून?"

ती भिंतीकडे वळली. मी चिडले. मी लवकर चिडते, त्याला काही इलाज नाही. तिच्या उशाखाली अडकित्ता ठेवला, मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, रागावले, जवळ घेतलं. पोरगी भिंतीला टेकून डोळे ताणून बसायची. डुलकी आलीच तर स्वतःला चिमटा काढायची. दंडावर निळे डाग उठले होते. रविवारी ही आईला पाहून किंचाळली तर? रागिणीनं गाठ सोसली, हाड सोसलं, पण हे तिला सोसायचं नाही, याची मला खात्री होती. दिवस तीनच उरले होते.

भुलाबाईचे दिवस होते. शेजारच्या वच्छलाकाकूंकडे संध्याकाळी पोरी जमत. गाणी झाली की खाऊचा झाकलेला डबा मधे येई, आणि आत काय आहे ते ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. तिखट का गोड, वाजते का नाही, असं विचारत विचारत जायचं. गुरुवारी वैदर्भी तिथंही कोपऱ्यात बसली होती. पण सगळ्या पोरी अडल्या तेव्हा तिथूनच म्हणाली, "मुरमुऱ्याचा चिवडा." बरोबर निघालं.

घरी आल्याबरोबर मी स्टीलचा रिकामा डबा झाकण लावून तिच्या मांडीवर ठेवला.

"यात तुयं सपन हाये. तू सांगू नको, मी ओळखते. सांगितलेलं खरं होते, ओळखलेलं नाई."

हा नियम मी जागच्या जागी बनवला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"गोड हाये?"

तिनं मान हलवली. नाही.

"घरातलं?"

"दारातलं."

"पाय किती?"

"दोन."

मला माहीत होतं, तरी विचारलं. "मम्मी हाये?"

तिनं दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. मग स्वतःच उघडलं. मम्मी दारात येते, तोंडाला ओढणी. ओढणी काढते तर खाली काहीच नसतं. ती बोलते पण आवाज येत नाही, आणि वैदर्भी दार लावून घेते. झोपलं की ते पुन्हा पडेल आणि खरं होईल, म्हणून पोरगी जागत होती.

"मंग तिथं काय बसवाचं?" मी विचारलं. "डबा रिकामा हाये. तू भर."

आधी तिनं पोपटाची चोच घातली. मग घरमालक किसनरावांच्या मिशा. मग फटफटीचा हॉर्न, म्हणजे मम्मीनं तोंड उघडलं की पँ वाजेल. हसता हसता तिला उचकी लागली आणि ती माझ्या मांडीवरच झोपली, चार दिवसांत पहिल्यांदा.

मी मात्र जागी राहिले. माझ्या बहिणीच्या चेहऱ्याची आम्ही दोघींनी थट्टा केली होती. आणि मी तरी तो चेहरा कुठं पाहिला होता? तिचा व्हिडिओ कॉल आला की मी नेटवर्क नाही म्हणून बंद करायचे. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी एसटीत पोरगी मूर्तिजापूरपर्यंत बरी होती. मग म्हणाली, "मावशी, वापस जाऊ." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

रागिणी दारातच उभी होती. स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा स्कार्फ तोंडभर, फक्त डोळे उघडे. अगदी त्या सपनासारखी. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वैदर्भीनं मागून माझा कुर्ता मुठीत धरला. रागिणीनं ते पाहिलं आणि पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं.

"मम्मी," माझ्या पाठीमागून आवाज आला, "तुले सपन पडते?"

रागिणीनं मान हलवली. हो.

"सांगू नको. मी ओळखते. घरातलं हाये?"

हो.

"मी हावो त्यात?"

हो.

"मी पयते का तुले पाहून?"

नाही.

पोरगी हळू म्हणाली, "मी दार नाई उघडत?"

रागिणी पायरीवर बसली. तिनं मान हलवायचीही गरज राहिली नाही. वैदर्भी तिच्या बाजूनं आत गेली, दार लोटलं आणि आतून कडी घातली.

गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं. मला वाटलं, संपलं. माझ्या खेळानंच पोरीला आईच्या तोंडावर दार लावायला शिकवलं. मी दार बडवायला हात उचलला तर रागिणीनं तो धरला.

"कोण पायजे?" आतून मोठ्या माणसासारखा जाड आवाज आला.

स्कार्फमधून रागिणीला बोलता येईना. तिनं गाठ सोडली आणि मी पाहिलं. डावा गाल आत गेलेला, ओठ एका बाजूला ओढलेले. तिनं लेकीचं नाव घेतलं. त्यातलं एकही अक्षर धड नव्हतं.

"कोण?"

तिनं पुन्हा नाव घेतलं. कडी वाजली. वैदर्भी उंबऱ्यात उभी राहून आईकडे बघू लागली, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. पोरीनं आईचा हात धरून तिला उठवलं, आत नेलं आणि स्वतः बाहेर आली.

"आता तू आतून लाव," ती म्हणाली. "माया नंबर."

दार लागलं. आतून तोच प्रश्न आला, वाकड्यातिकड्या अक्षरांत. वैदर्भीनं दारावर हात ठेवला. तो जाड आवाज तिनं आता काढला नाही.

"मम्मी पायजे," ती म्हणाली.