घोटलेल्या चकत्या

आमच्या साखर कारखान्यात रस पांढरा करायला गंधक जाळतात. उरलेला वायू पाण्यानं धुऊन बाहेर सोडायची रीत होती. पण त्या साली धारूरच्या डोंगरपट्ट्यात माणसांनाच पाणी नव्हतं, तिथं वायूला कुठलं? सभासदांचा ऊस मात्र वाळायच्या आत गाळायचा होता.

केमिस्ट सुग्रीवनं उपाय काढला. मातीत उसाचा भुसा कालवून जाड चकत्या भाजायच्या. भुसा जळून आरपार बारीक छिद्रं पडतात. मग चकत्या चुन्यात भिजवून नळीत बसवायच्या. वायू छिद्रांतून जातो आणि त्यातलं जहर चुना धरून ठेवतो. काम बंकट कुंभाराला दिलं, कारण गंधकाच्या भट्टीवर त्याचाच पोरगा म्हाळू होता.

“मामा, चकत्या गळक्याच पाहिजेत,” सुग्रीवनं बजावलं. का, ते समजावायला त्याला सवड कुठली? गाळप सुरू करायला मोळी टाकायचा मुहूर्त तोंडावर आला होता.

बंकटनं मान डोलावली. पण ज्याच्या घरातून कधी पाझरतं मडकं बाहेर गेलं नाही, त्याला हे पटायचं कसं? त्यातून पोराच्या जिवाचं काम. भाजण्याआधी त्यानं प्रत्येक चकतीला गेरूचा हात दिला आणि थेंबही पाझरू नये म्हणून गारगोटीनं घोटघोट घोटली. वर चुना बसल्यावर ती चकाकी कुणाला दिसली नाही.

पहिल्याच दिवशी वायू चकत्यांवर अडला आणि उलटा भट्टीवर आला. म्हाळूला बाहेर ओढलं, पण त्याला श्वास घेता येत नव्हता.

दवाखान्यात तो सुग्रीवला हळूच म्हणाला, “वायू उलटा आला तवा चकती काढून पाहिली मी. घोटलीया. आबाला सांगू नका.” दुसऱ्या दिवशी तो गेला.

तेरावा झाला आणि बंकट आपण होऊन कारखान्यावर आला. डोक्यावर नव्या चकत्यांची पाटी होती.

“आदीच्या कमी घोटल्या व्हत्या, साहेब. ह्या लई घोटल्यात. आता भट्टीवर दुसऱ्याचं लेकरू हाय.”

सांगावं तर म्हाळूचा शब्द मोडतो, न सांगावं तर आणखी एक पोरगं मरतं. सुग्रीवनं बंकटला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं.

बंकटनं पाटीतली एक चकती हातात घेतली. मग त्यानं विचारलं, “म्हाळूला ठावं व्हतं?”

“होय, मामा.”

म्हातारा ढसाढसा रडू लागला.

“दवाखान्यात मला तर म्हणला, आबा, चकत्या लई बेस झाल्यात.”